कॉन्ज्युरर करायचा आहे: कोणत्या दोन स्कूल्सवर पाणी सोडावं?

फासेकर
डन्जन्स अँड ड्रॅगन्स (फाशांवर चालणारा भूमिकाखेळ), ३.५ आवृत्ती. मोहीम ५व्या लेव्हलपासून सुरू होतेय. पार्टीत फायटर (लढवय्या), रोग (लपूनछपून काम करणारा चोरटा) आणि क्लेरिक (देवाच्या बळावर जादू करणारा पुजारी) ठरलेत, विझार्ड (पोथीतून जादू करणारा) माझ्याकडे आहे. इंटेलिजन्स सुरुवातीपासून १८. कॉन्ज्युरेशनमध्ये (वस्तू-प्राणी बोलावणारी जादू) स्पेशलाइझ करायचं नक्की आहे, पण त्या बदल्यात बंद करायच्या दोन स्कूल्सपाशी, म्हणजे जादूच्या शाखांपाशी, गाडी अडली आहे. सध्या मनात इव्होकेशन (आगीसारख्या ऊर्जेची जादू) आणि इल्युजन (भ्रमाची जादू) आहेत. फटके मारायला फायटर आहे, लपायला रोग आहे. प्रत्यक्ष खेळताना हातचं काय काय जाईल? आणि पुढे गरज पडलीच तर वाँड किंवा स्क्रोल (स्पेल भरलेली कांडी किंवा गुंडाळी) विकत घेऊन भागेल का?

मंत्रपोथी
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बरेच जण नेमके तिथेच फसतात. नाही, भागणार नाही. बंद केलेल्या स्कूलचं स्पेल तुमच्या यादीतूनच जातं, आणि जे यादीत नाही त्याचा स्क्रोल वाचता येत नाही, वाँडही चालत नाही. यूज मॅजिक डिव्हाइस हे कौशल्य हा एक रस्ता उरतो, पण विझार्डला ते क्रॉस-क्लास आहे, म्हणजे त्याच्या क्लासबाहेरचं. ५व्या लेव्हलला जास्तीत जास्त ४ रँक. फायरबॉलच्या साध्या स्क्रोलला (कास्टर लेव्हल ५) डीसी, म्हणजे फासा आणि रँक मिळून गाठायचा आकडा, २५ लागतो. करिश्मा १० असेल तर फाशावर २० पडले तरी बेरीज २४ होते, म्हणजे काम होणारच नाही. वाँडचा डीसी २०, त्याला १६ किंवा जास्त पडायला हवेत. चार वेळा वापरलं तर सरासरी एकदाच चालणार. वाँड घ्यायचंच असेल तर रोगच्या हातात द्या. त्याला हे क्लास स्किल आहे, ८ रँक घेता येतात, १२ किंवा जास्त पडले की काम होतं.

बदल्यात मिळतं काय? तुमचे स्लॉट (रोज तयार ठेवता येणारी स्पेल्स) ०, १, २, ३ या स्पेल-लेव्हल्सना अनुक्रमे ४/४/३/२ होतात. स्पेशलिस्टला ५/५/४/३. जादाचा प्रत्येक स्लॉट कॉन्ज्युरेशननेच भरावा लागतो. ३ऱ्या लेव्हलच्या दोन स्पेल्सची तीन होतात, हा फायदा मोठा आहे, आणि ५व्या लेव्हलला तो सर्वांत जास्त जाणवतो.

पण इव्होकेशन आणि इल्युजन एकत्र बंद करू नका. इव्होकेशन गेल्यावर ते परत मिळवायची सोय इल्युजनमध्येच आहे. ५व्या स्पेल-लेव्हलचं (विझार्डच्या लेव्हलशी गल्लत नको) शॅडो इव्होकेशन ४थ्या लेव्हलपर्यंतच्या इव्होकेशन स्पेलची नक्कल करतं, ८व्या लेव्हलचं ग्रेटर ७व्यापर्यंत. समोरच्याने विल सेव्ह (मनोबळाचा बचावाचा फासा) मारून ओळखलं तर नुकसान २० किंवा ६० टक्क्यांवर येतं, तरी काम होतं. दोन्ही बंद केलीत तर परतीचा रस्ताही बंद.

शिवाय इल्युजन म्हणजे नुसतं लपणं नव्हे. विझार्डचा हिट डाइस डी४. मिरर इमेज ५व्या लेव्हलला १डी४+१ प्रतिमा देतं, आणि त्या पातळीवर जीव वाचवायला त्याच्या तोडीचं दुसरं फारसं काही नाही. ते काम रोग तुमच्यासाठी करू शकत नाही.

पाचवा_कोपरा
इव्होकेशन बंद करणाऱ्यांना फायरबॉल आठवतो, पण पहिला फटका शून्य लेव्हलला बसतो. लाइट, डान्सिंग लाइट्स, रे ऑफ फ्रॉस्ट हे सगळं पोथीतून जातं. रे ऑफ फ्रॉस्टच्या जागी अ‍ॅसिड स्प्लॅश आहे, ते कॉन्ज्युरेशन. उजेडासाठी सनरॉड, २ सोन्याची नाणी. किंवा ११० देऊन एव्हरबर्निंग टॉर्च घ्या आणि विषय संपवा.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. एक, स्वॉर्म. बारीक किड्यांच्या थव्याला शस्त्र लागत नाही, आणि बर्निंग हँड्स तुमच्याकडे नसणार. २० नाण्यांची अल्केमिस्ट्स फायर प्रत्येकाच्या पट्ट्याला दोन-दोन लावून ठेवा. दोन, शॅडो किंवा रेथसारखे अशरीरी शत्रू. त्यांच्यावर फोर्स (निव्वळ जादूई बळ) नसलेलं स्पेल निम्म्या वेळा वाया जातं, आणि मॅजिक मिसाइल इव्होकेशनमध्ये आहे. बचाव मात्र शाबूत राहतो. मेज आर्मर आणि शील्ड दोन्ही फोर्सची असल्यामुळे शॅडोच्या स्पर्शालाही अडवतात, फायटरचं चिलखत तिथे काही कामाचं नाही.

उत्तरार्ध
माझं मत वेगळं आहे. इव्होकेशन ठेवा, एन्चांटमेंट आणि नेक्रोमन्सी (मृत्यूची जादू) सोडा.

एन्चांटमेंटमधलं जवळपास सगळं मनावर चालतं. अनडेड (भुतंखेतं, चालती प्रेतं), कन्स्ट्रक्ट (जादूची यंत्रं), ऊझ (चिखलासारखे जीव), वनस्पती, कीटक यांच्यावर ते पूर्ण फुकट. होल्ड पर्सन तर क्लेरिककडेही २ऱ्या लेव्हलला आहेच. नेक्रोमन्सीतून रे ऑफ एन्फीबलमेंट आणि एनर्व्हेशन गेल्याचं वाईट वाटेल, पण त्यांच्या जागी शत्रूला जखडून ठेवणारी ढीगभर स्पेल्स कॉन्ज्युरेशनमध्येच आहेत.

उलट इव्होकेशनमध्ये वॉल ऑफ फोर्स आणि कंटिन्जन्सी (ठरवलेली अट घडताच आपोआप चालणारं स्पेल) आहेत, आणि त्यांना सरळ पर्याय नाही. ग्रेटर शॅडो इव्होकेशनने कंटिन्जन्सी टाकता येतं म्हणतात, पण ते मिळणार १५व्या लेव्हलला. शिवाय स्वतःच टाकलेला भ्रम स्वतःवर कसा चालतो, यावर डीएमशी (खेळ चालवणाऱ्याशी) वाद ठरलेला.

तेव्हा आधी हे सांगा: मोहीम कुठल्या लेव्हलपर्यंत जाणार आहे?

फासेकर
डीएम १०व्या लेव्हलपर्यंत म्हणतोय, आणि पूर्वार्धात अनडेड भरपूर असतील असा इशारा दिलाय. मग अ‍ॅब्जुरेशन (संरक्षणाची जादू) सोडलं तर? डिस्पेल मॅजिक, प्रोटेक्शन फ्रॉम ईव्हिल, रेझिस्ट एनर्जी, सगळंच क्लेरिककडे आहे.

मंत्रपोथी
कागदावर बरोबर आहे. पण ती सगळी क्लेरिकच्या स्लॉटमधून जाणार, आणि अनडेड भरपूर म्हणजे त्याचे स्लॉट आधीच ताणलेले. तो बेशुद्ध पडला की पार्टीत डिस्पेल करणारं कुणीच उरत नाही. शील्ड तर त्याच्या यादीत नाहीच. दुसऱ्याच्या अंगावर असलेलं काम सोडताना तो माणूस त्या फेरीत मोकळा असेल का, हे बघायला हवं.

१०व्याला थांबणार असाल तर कंटिन्जन्सीचा प्रश्नच नाही, ते ११व्याला येतं. उरलं वॉल ऑफ फोर्स, तेही ९व्याला. त्या पायरीला तुमच्याकडे वॉल ऑफ स्टोन असेल, तुमच्याच स्कूलचं. म्हणून मी एन्चांटमेंट आणि इव्होकेशन म्हणेन. अनडेडसमोर एन्चांटमेंट तसंही पडूनच राहिलं असतं.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. इंटेलिजन्स १८ धरून लेव्हलबरोबर फुकट मिळणारी स्पेल्स साधारण अशी बसतात: १ल्या लेव्हलची ९, २ऱ्याची ४, ३ऱ्याची फक्त २. बाकी नक्कल करून उतरवायची, पानाला १०० नाणी खर्चून. म्हणजे ३ऱ्या लेव्हलला तुमच्यापुढे दोनच जागा आहेत, आणि फायरबॉल खुलं असतं तरी त्यातली एक त्याला दिली असती का, हा प्रश्न आहे. स्कूल बंद असल्याची झळ नंतर लागते, शत्रूची पोथी हाती येते आणि त्यातली निम्मी पानं उतरवता येत नाहीत तेव्हा.

उत्तरार्ध
१०व्यापर्यंतच असेल तर मला मान्य. फक्त ही निवड नंतर बदलता येत नाही. मोहीम १५व्यापर्यंत लांबायची जरा जरी शक्यता असेल तर डीएमला आत्ताच विचारून घ्या. पाथफाइंडरचा (३.५वरच बेतलेला खेळ) २००९चा नियमही सुचवून पाहा. तिथे विरोधी स्कूलचं स्पेल दोन स्लॉट खर्चून तयार करता येतं, आणि यादीतून जात नसल्यामुळे वाँड-स्क्रोलही चालतात.

फासेकर
विचारलं. १०व्यालाच संपणार, घरचे नियम नाहीत. एन्चांटमेंट आणि इव्होकेशन बंद केलं. पहिल्या दिवशी काय तयार ठेवू?

पाचवा_कोपरा
१ली: मेज आर्मर (५ तास टिकतं, तळघरात शिरण्याआधी टाका), ग्रीस दोनदा, शील्ड, एनलार्ज पर्सन फायटरसाठी. २री: ग्लिटरडस्ट, वेब, मिरर इमेज, इन्व्हिजिबिलिटी. वेबला समोरासमोर दोन भक्कम आधार लागतात, उघड्या माळावर ते कोसळून वाया जातं. ३री: हेस्ट दोनदा आणि स्लीट स्टॉर्म. स्टिंकिंग क्लाउड घेऊ नका, अनडेडना त्याचा फोर्टिट्यूड सेव्ह मारावाच लागत नाही. स्लीट स्टॉर्मला सेव्हही नाही आणि स्पेल रेझिस्टन्सही (जादूला दाद न देण्याची ताकद) चालत नाही. आत अडकलेल्याला दिसत नाही आणि चालायला बॅलन्सचा डीसी १० लागतो, तोही निम्म्या वेगाने. फक्त टाकण्याआधी फायटरला सांगा, नाहीतर तो आधीच आत धावलेला असतो.