‘रॅप्चर’ला मराठीत काय म्हणावे? अत्यानंद, उचलले जाणे आणि सामोरे जाणे

प्रश्न:
ख्रिस्ती श्रद्धांवरचा एक भाषांतरित लेख वाचताना ‘मंडळीचा अत्यानंद महासंकटाच्या आधी होईल की नंतर?’ या वाक्याशी अडले. मंडळी म्हणजे चर्च हे ठाऊक आहे, पण आनंद आणि संकट यांचा असा क्रम कशासाठी लावायचा ते कळेना. मूळ इंग्रजी शब्द ‘रॅप्चर’ आहे असे नंतर समजले. कोशात पाहिले तर तिथेही हर्षोन्माद, परमानंद हेच अर्थ. एका पुस्तिकेत मात्र याच गोष्टीला ‘उचलले जाणे’ म्हटले आहे. बरोबर काय? आणि बायबलात हा शब्द नेमका कुठे येतो?

उत्तर:
‘अत्यानंद’ इथे सरळ चूक आहे. ख्रिस्ती धर्मविचारात रॅप्चर म्हणजे ख्रिस्त परत येताना त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांना पृथ्वीवरून वर घेतले जाणे. त्यामुळे तुमच्या पुस्तिकेतले ‘उचलले जाणे’ बरेच जवळचे आहे.

आधाराचे मुख्य वचन प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस (थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीला) लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, अध्याय ४, वचन १७. पत्र इ. स. ५० च्या सुमाराचे, म्हणजे नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनापैकी एक. प्रभू स्वर्गातून उतरेल, कर्णा वाजेल, ख्रिस्तात मरण पावलेले आधी उठतील आणि मग जिवंत उरलेले त्यांच्याबरोबर मेघांत वर घेतले जातील, असे पौल तिथे सांगतो. ‘घेतले जाऊ’ यासाठी त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद ‘हारपाझो’, अर्थ झडप घालून नेणे, हिसकावणे. व्हल्गेट या बायबलाच्या जुन्या लॅटिन भाषांतरात त्या जागी ‘रापिएमुर’ आले. त्याचा धातू ‘रापिओ’, आणि त्याच कुळातला इंग्रजी ‘रॅप्चर’. गंमत म्हणजे १६११ च्या किंग जेम्स बायबलात या वचनात ‘रॅप्चर’ नाही, ‘वर उचलून घेतले जाऊ’ अशाच अर्थाची साधी क्रिया आहे. नाम धर्मपंडितांच्या लेखनातून रुळले.

आता आनंदाचा अर्थ आला कुठून? याचे उत्तर मराठी माणसाला सहज पटावे असे आहे, कारण आपल्या ‘हरण’ शब्दाचा प्रवास नेमका तसाच झाला आहे. सीताहरणात हरण म्हणजे बळाने नेणे. तोच ‘हृ’ धातू ‘मनोहर’मध्ये येतो तेव्हा मन पळवून नेणारे ते सुंदर ठरते, आणि आपण भान हरपून ऐकतो तेव्हा कुणी आपल्याला लुटलेले नसते. लॅटिन ‘रापिओ’चे तसेच झाले. एका वाटेने त्यातून बळजबरीचे आणि शिकारी पक्ष्यांचे शब्द निघाले, दुसऱ्या वाटेने देहभान हरपण्याचा आनंद. कोशाने तुम्हाला दुसरी वाट दाखवली, लेखाला पहिली हवी होती. (‘हारपाझो’ आणि ‘हरपणे’ यांचा नाद जुळतो म्हणून कुणी नाते जोडू नये. ग्रीकमधला आरंभीचा ‘ह’ पुष्कळदा जुन्या ‘स’च्या जागी आलेला असतो, जसे आपले ‘सप्त’ आणि त्यांचे ‘हेप्टा’. संस्कृत ‘हृ’चा ‘ह’ वेगळ्या घराण्यातला आहे.)

या ग्रीक क्रियापदाची नव्या करारातली बाकीची ठिकाणे पाहिली की त्याची धार कळते. योहान १०:१२ मध्ये लांडगा मेंढरांवर झडप घालतो, तिथे हेच क्रियापद. त्याच अध्यायात २८ व्या वचनात येशू म्हणतो की माझ्या हातातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही, तिथेही हेच. प्रेषितांची कृत्ये ८:३९ मध्ये आत्मा फिलिप्पाला उचलून नेतो, आणि २ करिंथ १२ मध्ये तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेलेल्या माणसाविषयी पौल बोलतो, तिथेही. ‘घेतले जाऊ’ हे मराठी त्यामानाने फार सौम्य आहे. मला ते आवडते, पण मुळातला झटका त्यात उरत नाही हे खरे.

प्रश्न:
छान उलगडा. पण मग रूढ मराठी बायबलातले ‘मेघारूढ’ आणि ‘अंतराळात’ हे शब्द? वाचताना डोळ्यांपुढे अंतराळवीरच येतात.

उत्तर:
तो दोष भाषांतराचा नाही, काळाचा आहे. भाषांतर झाले तेव्हा ‘अंतराळ’ म्हणजे जमीन आणि आकाश यांच्यामधली पोकळी. ‘अंतराळी लोंबकळणे’ म्हणताना आपण आजही तोच अर्थ घेतो. ग्रीक शब्द ‘एर’, म्हणजे हवा, तोही तेवढ्याच उंचीचा आहे. आज नव्याने भाषांतर करायचे तर मी ‘हवेत’ किंवा ‘वर आकाशात’ म्हणेन. ‘मेघारूढ’विषयी मात्र माझी तक्रार आहे. अश्वारूढ माणूस घोड्यावर बसलेला असतो. ग्रीकमध्ये माणसे ढगांवर बसत नाहीत, ढगांमध्ये नेली जातात. दानिएल ७:१३ मध्ये मानवपुत्रासारखा कोणी मेघांसह येतो, प्रेषितांची कृत्ये १:९ मध्ये येशूला मेघ दृष्टीआड करतो. बायबलात मेघ हे बहुधा देवाच्या जवळिकीचे चिन्ह असते, वाहन म्हणून पाहिले की ते हरवते.

पण याच वचनातला तिसरा शब्द जपून ठेवण्यासारखा आहे, आणि त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात: ‘प्रभूला सामोरे होण्यासाठी’. ग्रीक शब्द ‘अपांतेसिस’. मत्तय २५:६ मध्ये मध्यरात्री नवरदेव आल्याची हाक होते आणि कुमारींना त्याला भेटायला बाहेर बोलावले जाते, तिथे हा शब्द आहे. प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोममधले बंधू पौलाच्या भेटीसाठी शहराबाहेर अप्पियाच्या पेठेपर्यंत येतात, तिथेही आहे. मान्यवर पाहुणा येत असला की नगरातले लोक वेशीबाहेर जाऊन त्याला घेऊन यायचे, त्या प्रथेला हा शब्द लावत. ‘सामोरे जाणे’ म्हणजे अगदी हेच. आता ‘संकटाला सामोरे जाणे’ एवढाच त्याचा उपयोग उरला आहे याचे मला वाईट वाटते.

आणि हा केवळ शब्दांचा छंद नाही. सामोरे गेलेला माणूस पाहुण्याला घेऊन परत घरी येतो. मग मेघांत सामोरे गेलेले लोक प्रभूबरोबर पृथ्वीकडे परततात की त्याच्याबरोबर स्वर्गात निघून जातात? पौल पुढची दिशा सांगत नाही, ‘सर्वकाळ प्रभूजवळ राहू’ एवढेच म्हणतो. रॅप्चरवरचा मोठा वाद या एका शब्दाभोवती फिरतो.

प्रश्न:
‘आधी की नंतर’ तो हाच वाद का?

उत्तर:
त्याच्याशी जोडलेला. महासंकट म्हणजे शेवटच्या काळातला छळाचा आणि आपत्तींचा काळ. दानिएल ९ मधल्या सत्तर सप्तकांपैकी शेवटचे सप्तक म्हणून तो सात वर्षांचा धरणारे पुष्कळ आहेत. मंडळी त्याआधीच गुप्तपणे उचलली जाईल आणि नंतर ख्रिस्त सर्वांना दिसेल असा येईल, ही दोन टप्प्यांची मांडणी जॉन नेल्सन डार्बी (१८००–१८८२) या धर्मोपदेशकाच्या शिकवणुकीतून पसरली. १८३० च्या दशकात आयर्लंडमधल्या पॉवर्सकोर्ट इथल्या परिषदांत तिची चर्चा झाली, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्डच्या टीपांसह बायबलाने ती अमेरिकेत घरोघरी नेली. काही जण हे उचलणे संकटाच्या मध्यावर मानतात, काही शेवटी. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि पुष्कळशा जुन्या प्रॉटेस्टंट परंपरा असा वेगळा टप्पा मानतच नाहीत. थेस्सलनीकाचे वचन त्यांनाही मान्य आहे, त्यांच्या मते ते शेवटच्या एकाच आगमनाचे वर्णन आहे. म्हणून ‘ख्रिस्ती लोक रॅप्चर मानतात’ असे सरसकट लिहू नये. घेतले जाणे सगळे मानतात, त्याचे वेळापत्रक सगळे मानत नाहीत.

प्रश्न:
‘शेतात दोघे असतील, एक घेतला जाईल आणि एक ठेवला जाईल’ हे वचनही याच विषयात सांगतात ना?

उत्तर:
सांगतात. मत्तय २४:४०. पण तिथे क्रियापद वेगळे आहे, ‘पारालांबानो’, सोबत घेणे. शिवाय त्याच्या आधीच्या वचनात नोहाच्या काळातल्या पुराने लोकांना वाहून नेल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे घेतला गेलेला सुटला की सापडला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मराठीत दोन्हीकडे ‘घेतले जाणे’ आल्याने ही दोन वचने एकच वाटतात. वाद घालण्याआधी एवढे लक्षात असावे.

प्रश्न:
मग मी माझ्या लेखात कोणता शब्द वापरू?

उत्तर:
विशिष्ट सिद्धान्ताविषयी लिहीत असाल तर ‘रॅप्चर’ सरळ देवनागरीत ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘विश्वासणाऱ्यांचे वर घेतले जाणे’ असा खुलासा करा. वचनाविषयी लिहीत असाल तर ‘वर घेतले जाणे’ पुरे. ‘स्वर्गारोहण’ टाळा. तो येशूच्या वर जाण्यासाठी रूढ आहे आणि त्यात जाणारा स्वतः जातो, इथे तर नेणारा दुसरा आहे. ‘हरण’ अर्थाने सर्वांत जवळचे, पण त्यातला पळवून नेण्याचा भाव आजच्या वाचकाला खटकेल.

आणि एक विनंती. १७ वे वचन उद्धृत कराल तेव्हा १३ व्यापासून १८ व्यापर्यंत सगळे द्या. थेस्सलनीकातल्या लोकांची चिंता जगाच्या शेवटाची नव्हती. आपली मेलेली माणसे त्या दिवसाला मुकतील का, एवढेच त्यांना विचारायचे होते. पौल त्यांना सांगतो की ती आधी उठतील, आणि मग ‘त्यांच्याबरोबर’ आपण. माझ्या आईच्या दफनाच्या वेळी हाच उतारा वाचला होता. ‘वर’ या शब्दाकडे त्या दिवशी माझे लक्षही गेले नाही. कानात राहिला तो ‘त्यांच्याबरोबर’.