जेरी राइस: सर्वांत वेगवान नसलेला रिसीव्हर सर्वांच्या पुढे कसा गेला?

निनाद_सांताक्लारा

नमस्कार मंडळी. गेली चार वर्षे मी कॅलिफोर्नियात राहतो. ऑफिसमध्ये रविवारच्या सामन्यांच्या गप्पा सुरू झाल्या की मी बराच काळ नुसता ऐकत बसत असे, पण यंदा अमेरिकन फुटबॉलचे नियम नीट समजून घेतले आणि आता या खेळाची मनापासून गोडी लागली आहे. इथल्या सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स संघाचा विषय निघाला की जुनी माणसे हमखास जेरी राइस या रिसीव्हरवर (फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूवर) येऊन थांबतात, म्हणून त्याचे आकडे पाहिले आणि थक्क झालो. 1985 ते 2004 या काळात नियमित हंगामांत 1,549 झेल, 22,895 यार्ड (झेलांतून चेंडू पुढे नेलेले अंतर) आणि झेलांवर मिळवलेले 197 टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेणे)! यार्डांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेला लॅरी फिट्झजेराल्ड 17,492 वर थांबला, म्हणजे पहिल्या दोघांतच पाच हजारांहून अधिक यार्डांचे अंतर आहे.

मला पडलेला प्रश्न असा की, राइस फारसा वेगवान नव्हता आणि तो कोणत्याही मोठ्या विद्यापीठातून आलेला नव्हता, असे सगळेच सांगतात. मग हे त्याला साधले कसे? जो माँटाना आणि स्टीव्ह यंग यांच्यासारखे क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारे खेळाडू) लाभले, याचा वाटा त्यात किती मानावा?

गिरिजा

निनाद, हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

राइस मिसिसिपी राज्यातील क्रॉफर्ड या लहानशा गावात वाढला. त्याचे वडील गवंडी होते आणि उन्हाळ्यात मुले त्यांच्या हाताखाली राबत. भाऊ खालून विटा फेकायचे आणि परांचीवर उभा असलेला जेरी त्या झेलायचा. कधी एकदम तीन-चार विटा वर येत आणि हवेतच एकमेकींपासून सुटत, तरीही तो त्या पकडत असे. वीट नीट हातात आली नाही तर हात सोलवटतो, त्यामुळे त्या वयातच त्याच्या बोटांना जी सवय लागली ती पुढे कोणत्याही प्रशिक्षकाला शिकवावी लागली नाही. शाळेत असताना फुटबॉलमधला त्याचा प्रवेशही वेगळाच होता. तास बुडवून बाहेर फिरताना उपमुख्याध्यापकांनी त्याला हटकले, तो जिवाच्या आकांताने पळाला, आणि त्याची धाव पाहून त्यांनी फुटबॉलच्या प्रशिक्षकांना त्याचे नाव सांगितले.

मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारले नाही. तो इट्टा बेना येथील मिसिसिपी व्हॅली स्टेट या ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात गेला. तिथे प्रशिक्षक आर्ची कूली आणि क्वार्टरबॅक विली टॉटन यांनी चेंडू सतत हवेत ठेवणारा खेळ उभा केला होता, आणि 1984 च्या हंगामात राइसने एकट्याने 27 टचडाउन झेलले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फोर्टीनायनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श सामन्यासाठी ह्यूस्टनला गेले असता त्यांनी हॉटेलमधील टीव्हीवर या मुलाची दृश्ये पाहिली आणि ती त्यांच्या मनात ठसली. 1985 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) आपल्या हातातील निवडी देऊन त्यांनी न्यू इंग्लंड संघाकडून निवडीचा 16 वा क्रमांक मिळवला, तो राइससाठीच. त्याच्या आधी दोन रिसीव्हर निवडले गेले होते. त्यांपैकी एडी ब्राउनला सिनसिनाटी बेंगल्सने 13 व्या क्रमांकावर घेतले होते. हे नाव ध्यानात ठेवावे.

आता वेगाविषयी. चाळीस यार्डांच्या शर्यतीत सरळ रेषेतला वेग मोजला जातो, परंतु रिसीव्हरला सरळ रेषेत क्वचितच धावायचे असते. त्याचा मार्ग आधीच ठरलेला असतो आणि त्यातले प्रत्येक पाऊल क्वार्टरबॅकच्या पावलांशी जुळवलेले असते. राइसचा हुकमी ‘स्लँट’ पाहा. तो काही पावले सरळ धावतो, मग एकदम तिरका आत वळतो, आणि तो वळत असतानाच चेंडू माँटानाच्या हातातून सुटलेला असतो. बहुतेक खेळाडू वळण्यापूर्वी वेग किंचित कमी करतात आणि बचावपटू नेमका त्याच इशाऱ्याची वाट पाहत असतो. राइस वेग न तोडता वळत असे, त्यामुळे त्याच्या अंगावरील माणसाला वळण कळेपर्यंत दोन पावलांचे अंतर पडलेले असे. चेंडू छातीसमोर यायचा, धाव मोडायची नाही, आणि पाच-सात यार्डांच्या साध्या पासाचे साठ यार्ड होऊन जायचे. वॉल्श यांची सारी पद्धतच अशा छोट्या, वेळेवर पोहोचणाऱ्या पासांवर उभी होती. त्या पद्धतीला असा खेळाडू मिळाला आणि त्या खेळाडूला अशी पद्धत मिळाली, असे मी म्हणेन.

वाटसरू

गिरिजाताईंनी कसबाची बाजू उत्तम मांडली आहे. त्याला दोन गोष्टी जोडतो, आणि त्यांतली एक त्याच्या चाहत्यांना आवडणारी नाही.

पहिली गोष्ट अशी की, हे सारे पहिल्या दिवसापासून जमले नव्हते. 1985 च्या हंगामात त्याच्या हातून इतके झेल सुटले की स्वतःच्याच मैदानावर प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. डिसेंबरमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सविरुद्ध 10 झेल आणि 241 यार्ड अशी कामगिरी झाली, तेव्हा कुठे चित्र पालटले. दोनच वर्षांनी, खेळाडूंच्या संपामुळे तुटक झालेल्या 1987 च्या हंगामात, त्याने अवघ्या 12 सामन्यांत 22 टचडाउन झेलले. रँडी मॉसने 2007 मध्ये 23 करून तो विक्रम मोडला खरा, पण त्यासाठी त्याला 16 सामने मिळाले होते.

दुसरी गोष्ट म्हणजे 2015 मध्ये राइसने एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात, आपण हातमोज्यांना थोडा चिकट द्रव लावत असू, असे स्वतःहून सांगितले. लीगने या द्रवावर 1981 मध्येच बंदी घातली होती. त्या काळी सगळेच लावत, असे त्याने नंतर म्हटले, परंतु त्याच्या काही समकालीन खेळाडूंनी ते साफ नाकारले. ही गोष्ट झाकून त्याचे गुणगान करणे मला योग्य वाटत नाही. मात्र वळताना पाय कसे पडतात आणि झेलानंतर माणूस किती पळतो, यांत हातमोज्याचा संबंध येत नाही, आणि राइसचे मोठेपण मला तरी तिथेच दिसते.

क्वार्टरबॅकबद्दल विचाराल तर माँटाना आणि यंग लाभणे हे भाग्यच होते, यात वाद नाही. परंतु 2002 मध्ये तो ओकलंड रेडर्सकडून रिच गॅननचे पास झेलत होता. त्या हंगामात तो चाळीस वर्षांचा झाला आणि त्याने 92 झेलांत 1,211 यार्ड मिळवले.

गिरिजा

वाटसरू, चिकट द्रवाचा उल्लेख केलात हे बरे झाले. मी तो टाळला होता, तसे करायला नको होते.

चाळिशीत असा खेळ होतो, त्यामागे सराव आहे. सॅन कार्लोसजवळच्या एजवूड पार्कमध्ये सुमारे चार किलोमीटरची चढाची वाट आहे आणि हंगाम नसताना तो ती धावत चढायचा. इतर खेळाडू त्याच्यासोबत येत, आणि त्यांतले बरेच अर्ध्यावर थांबत. संघाच्या सरावात पास झेलला की दोन-चार पावले टाकून चेंडू परत फेकायची पद्धत असते, पण राइस प्रत्येक वेळी थेट गोलरेषेपर्यंत धावत जायचा. नवे खेळाडू ते पाहून स्वतःही तसेच धावू लागले.

1997 चा प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. तोवर दुखापतीमुळे त्याचा एकही सामना चुकला नव्हता. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात टँपा बे संघाविरुद्ध त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. अशा दुखापतीनंतर वर्ष वाया जाते, हे सर्वांनी धरलेच होते. तो साडेतीन महिन्यांत परतला, डेन्व्हरविरुद्ध त्याने टचडाउन झेलला, आणि त्याच झेलात गुडघ्याची वाटी तडकली. इतकी घाई करायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या हंगामात तो पुन्हा सर्व सामने खेळला, हेही तितकेच खरे.

आणि निनाद, 22 जानेवारी 1989 चा सुपर बोल, म्हणजे त्या हंगामाचा अंतिम सामना, जरूर पाहावा. समोर सिनसिनाटी, म्हणजे एडी ब्राउनचाच संघ होता. फोर्टीनायनर्स 13-16 असे मागे, चेंडू स्वतःच्या गोलरेषेपासून अवघ्या 8 यार्डांवर आणि हातात तीन मिनिटांहून थोडाच अधिक वेळ होता. राइसने त्या सामन्यात 11 झेलांत 215 यार्ड मिळवले आणि तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला, परंतु निर्णायक टचडाउन जॉन टेलरने झेलला.

निनाद_सांताक्लारा

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री तो शेवटचा डाव दोनदा पाहिला. पहिल्या वेळी डोळे चेंडूवरच होते, म्हणून दुसऱ्या वेळी फक्त 80 क्रमांकाच्या खेळाडूकडे, म्हणजे राइसकडे पाहिले. दंड झाल्यामुळे चेंडू ताब्यात राखायला वीस यार्ड हवे होते तेव्हा माँटानाने मधोमध त्याच्याकडे चेंडू टाकला. तीन बचावपटू त्याच्यावर चालून आले, पण तो झेल घेऊन न थांबता त्यांच्यामधून निघाला आणि एकूण 27 यार्ड मिळवून गेला. गिरिजाताई, तुम्ही म्हणता ते वळण मला तिथे दिसले. शनिवारी एजवूडची ती वाट चढून पाहणार आहे, या भागातील आणखी कोणी येणार असेल तर इथेच कळवावे.