कन्सोलची तारीख जाहीर झाली म्हणजे तो घरी आला असं नाही
नवा कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र) पहिल्याच दिवशी आपल्याकडे येणार आणि डब्यावर लिहिलेलं सगळं लगेच चालणार, असं या चर्चेत दोघातिघांनी धरून चाललंय. मला इथे कळकळीने सांगावंसं वाटतं, मुलांना असा शब्द देऊ नका.

सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) अमेरिकेत आणि जपानमध्ये १२ नोव्हेंबर २०२० ला आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे जवळजवळ तीन महिने उशिरा. बुकिंग तर काही मिनिटांत संपलं. नेरूळला ताईकडे मी आणि भाचा दोन मोबाईल, एक लॅपटॉप घेऊन बसलो होतो. ४९,९९० रुपयांचा कन्सोल कार्टमध्ये आला, पत्ता भरेपर्यंत ‘स्टॉक संपला’. पोरगं काही बोललं नाही, उठून गॅलरीत जाऊन उभं राहिलं. ते अजून डोळ्यांसमोर आहे.

स्टोरेजचंही तसंच. तेव्हाच्या पीएस५ला ८२५ जीबी म्हणत होते, पण गेमसाठी हाताशी साधारण ६६७. एकेक मोठा गेम शंभरच्या आसपास जागा खातो, मग मोजा. जागा वाढवायला जादा एसएसडी (साठवणुकीचं कार्ड) बसवायची खाच पहिल्यापासून होती, ती वापरता आली सप्टेंबर २०२१ च्या अपडेटनंतर. डब्यावर ८के (४के पेक्षाही बारीक, स्पष्ट चित्र) लिहिलेलं होतं, तेही सुरुवातीला चालत नव्हतं.

कंपन्यांनी देशवार तारखा आणि सुरुवातीला काय चालणार नाही हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. चाहते थांबायला तयार असतात हो, अंधारात ठेवलेलं लागतं.

भाच्याला कन्सोल मिळाला तो त्या वर्षीच्या गणपतीत. वाशीहून बसने आणला, डबा पूर्ण वेळ त्याच्याच मांडीवर.