मदत हवी आहे: प्रेरणा आणि गणितातले गुण यांचा संबंध कसा तपासू?

बीएस्सी प्रथम वर्षाला गणित शिकवते. बारावीत कॅल्क्युलस सहज सोडवलेली कितीतरी मुलं एप्सिलॉन-डेल्टाच्या (म्हणजे सीमेच्या काटेकोर व्याख्येवरच्या) सिद्धतांपुढे हात टेकतात, काही मात्र चिकाटीने तरतात. हा फरक प्रेरणेचा की पूर्वतयारीचा, हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

व्हॅलरँड आणि सहकाऱ्यांची १९९२ ची, शिकण्यामागची प्रेरणा मोजणारी २८ विधानांची प्रश्नावली मराठीत करून भरून घेतली. बाईच वाचणार म्हटल्यावर सगळ्यांनी भरपूर आवड दाखवली, स्वाभाविकच आहे ते. मग नावाशिवाय भरून घेतली, तर उत्तरं गुणांशी जोडता येईनात.

वर्ग लहान आहे, बारावीचे गुण हाताशी आहेत, सॉफ्टवेअर फुकटचंच हवं.

नाव गुप्त ठेवून उत्तरं आणि सत्राचे गुण कसे जोडावेत? आणि इतक्या लहान वर्गात बारावीच्या गुणांचा प्रभाव वगळून काढलेल्या सहसंबंधावर कितपत विसंबावं?