भावाने नोकरी सोडून पेटी दुरुस्ती धरली, आणि लग्नात खोटं मी बोलले

डोंबिवलीची_ताई:
लिहू की नको करत तीन दिवस गेले. माझा धाकटा भाऊ, सहा वर्षांनी लहान, मेकॅनिकल झाला, ऐरोलीला चांगल्या कंपनीत लागला, दोन वर्षं काढली आणि गेल्या दिवाळीनंतर राजीनामा टाकून परळला एका काकांकडे पेटी दुरुस्ती शिकायला बसला. पेटी म्हणजे हार्मोनियम, ऑफिसमधल्या पोरांना ट्रंक वाटली होती म्हणून सांगते. आधीच्या पगाराचा तिसरा हिस्सापण मिळत नाही. बाबा नाहीत, आईने महिनाभर अबोला धरला, पण हा रात्री दहाला येऊन स्वतःचा डबा घासून ठेवतो, तिला भांडायला जागाच देत नाही.

तर ठाण्याला मामेबहिणीचं लग्न होतं, मावशीने विचारलं, "काय गं, भाऊ कुठे असतो हल्ली?" आणि माझ्या तोंडून गेलं, "म्युझिक इंडस्ट्रीत आहे." तो मागेच मठ्ठ्याचा ग्लास घेऊन उभा. काही बोलला नाही. परतीच्या ट्रेनमध्ये फक्त एवढंच, "ताई, आमच्या इंडस्ट्रीत उंदीर फार." त्या आठवड्यात आलेल्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला होता.

आणि मला त्याची लाज वाटत नाही हो! मी एकदा दुकानात जाऊन बसले होते. 39 पट्ट्यांची डबल पेटी उघडलेली, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन, अशा आत 78 रीड, हवेने वाजणाऱ्या पितळी पात्या, आणि हा एकेक काढून कानशीने इतकं हलकं घासतो की घासलं की नुसतं टेकवलं ते कळत नाही. टोकाकडे घासलं की स्वर चढतो, बुडाकडे घासलं की उतरतो. घासायचं, परत बसवायचं, ऐकायचं, मान हलवायची, परत काढायचं. एका स्वरावर वीस मिनिटं. ज्या मुलाला अभ्यासाला बसवायला आई लाटणं घेऊन उभी असायची तो! मी बघत बसले, चहा गार झाला.

आता सॉरी म्हणायला गेले की "सोड ना" म्हणतो. पुढच्या महिन्यात अजून एक साखरपुडा आहे, परत तेच प्रश्न. काय करू?

चाळकरी_63:
सॉरी भावाला नको, मावशीला फोन करा. "पेट्या दुरुस्त करतो" एवढंच, पुढे "पण" नको. तुम्ही "पण खूप स्कोप आहे" म्हणालात की संपलं. आमचं भजनी मंडळ आहे, गणपतीच्या आधी पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, एक दाबली की दोन वाजतात, तेव्हा कारागिराच्या पाया पडायचं बाकी राहतं. डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याच्या दिवशी पेटी बंद पडली तर बुवा आम्हाला फाडून खातो.

खवचट_खारकर:
सगळं छान. मेडिक्लेम आहे का? पीएफ? की कौतुक करून पोट भरायचं? मावशीपण हेच विचारणार, ती काय वाईट नाही.

डोंबिवलीची_ताई:
पीएफ नाही. मेडिक्लेम मी माझ्या कंपनीतून काढायला बघितला तर भाऊ बसत नाही म्हणे, मग त्याने स्वतः वेगळा घेतला. मुद्दा बरोबर आहे तुमचा, मलापण रात्री तेच सुचतं.

खर्ज_आणि_नर:
ताई, पेटीचंच असं झालंय. परदेशातून आलेली म्हणून नावं ठेवली, 1940 ला रेडिओने बंदी घातली, कारण पट्टीतून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. पुढची तीसेक वर्षं गवयाला रेडिओवर पेटीची साथ नाही. आणि 2016 ला पेटीवादनासाठीच तुळशीदास बोरकरांना पद्मश्री. घरच्यांना अजून एक वर्ष द्या. भाऊ गुजरातच्या पालिताण्याचे सूर (म्हणजे रीड) हाताळतो की दिल्लीचे, विचारून सांगा, माझ्या पेटीचा मंद्र, म्हणजे खालचं सप्तक, जरा बेसूर झालाय.

कळव्याची_सून:
माझी नणंद वकिली सोडून बेकिंग करते, सासूबाई चार वर्षं "कोर्टात असते" सांगायच्या. आता केक फुकट मिळतो तर सगळ्यांना सांगतात.

डोंबिवलीची_ताई:
केला फोन. मावशी आधी गप्प, मग "अगं मग त्या इंजिनिअरिंगच्या पैशाचं काय?" म्हटलं लोनचे हप्ते तोच भरतोय, अजून चौदा राहिलेत. मग विचारलं, "म्हणजे नक्की करतो काय?" मी सगळं सांगायला लागले, घासणं, चढणं, उतरणं, भाता, आणि ती चक्क ऐकत होती. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "ताई, रीड काय, सूर म्हण."

पालिताण्याचेच आहेत, विचारलं. पेटी रविवार सोडून कधीही घेऊन या म्हणाला.