दोघं एकमेकांशी बोलू शकत नसतील, तरी सहकार्य तर्काने सिद्ध होतं का?

कृष्णाकाठ: तासगावकडचे दोन शेजारी बागायतदार, जमिनीच्या पोटातलं पाणी एकच. दोघांनी बोअर आहे तेवढीच ठेवली तर दोन्ही बागा जगतात. एकट्यानेच खोल नेली तर त्याची चंगळ, दुसऱ्याची कोरडी. दोघांनी नेली तर पाणी तेवढंच, वर कर्ज. १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत फ्लड आणि ड्रेशर या गणितज्ञांनी मांडलेला खेळ हाच. त्याला दोन कैद्यांची गोष्ट गणितज्ञ टकरने जोडली, म्हणून नाव 'कैद्यांचा पेच'. पुस्तकं म्हणतात, समोरचा काहीही करो, खोल जाणंच फायद्याचं. मला पटत नाही. दोघंही एकाच पद्धतीने विचार करतात हे दोघांना ठाऊक असेल, तर उत्तर वेगळं येईलच कसं? मग थांबणंच शहाणपणाचं. लेखक डग्लस हॉफस्टॅटरचा १९८३ चा युक्तिवाद हाच.

बांधावरचा: बागेत कधी पाय ठेवलाय का ओ? मी थांबलो म्हणून शेजाऱ्याची रिग थांबत नाही. आणि त्याच हॉफस्टॅटरने २० ओळखीच्यांना पत्राने हा खेळ खेळवला, त्यातल्या १४ जणांनी दगाच, म्हणजे आपल्याकडचं खोल जाणंच, निवडला! शिवाय आम्ही रोज एकत्र चहा पितो. बोलणं भरपूर आहे, शब्दाला बंधन नाही.

सातारकर: फोन बंद पडून सांगलीत चुकामूक झाली तर दोघंही गणपती मंदिरापाशीच जातील की. अर्थतज्ज्ञ शेलिंगने १९६० मध्ये हेच दाखवलं.

मिरजेच्या बाई: तिथे फसवून कुणाचा फायदा नाही, म्हणून सोपं. कृष्णाकाठ, तुमचं 'एकाच पद्धतीने' हे गृहीतक आहे, सिद्धता नव्हे. कॉम्प्युटर प्रोग्रॅममध्ये मात्र ती मिळते. 'फेअरबॉट' नावाचा प्रोग्रॅम समोरच्या प्रोग्रॅमचा कोड वाचतो. तो सहकार्य करणार हे सिद्ध करता आलं तरच स्वतः करतो. असे दोन समोरासमोर आले तर 'आधी तुम्ही' म्हणत अडकतील असं वाटतं. अडकत नाहीत. तर्कशास्त्रज्ञ लोबचं १९५५ चं प्रमेय सांगतं: 'हे विधान सिद्ध करता आलं तर ते खरं' एवढं सिद्ध झालं, की विधानच सिद्ध होतं. इथे विधान म्हणजे 'दोघं सहकार्य करतील'. त्यामुळे दोघंही सहकार्य करतात, आणि कायम दगा देणाऱ्याला भुलत नाहीत.

बांधावरचा: कोड दाखवला म्हणजे बोलणंच झालं!

मिरजेच्या बाई: नाही. बोलताना थापा मारता येतात. इथे वाचता तोच निर्णय घेतो.

कृष्णाकाठ: म्हणजे अडचण मुकेपणाची नाही, समोरचा कसा ठरवतो ते दिसत नाही याची. एवढं मान्य. पण माणूस थोडासुद्धा वाचता येत नाही, हे मान्य नाही.

बांधावरचा: माझ्या शेजाऱ्याचा कोड फक्त रिगवाल्याला माहीत. तो सांगतो, पण खोदून झाल्यावर. आणि मला सांगितलं, की मीही त्याचं गिऱ्हाईक.