शिक्षण सेवकाची तीन वर्षे: परिवीक्षा की काटकसर?

अबोली:
माझी धाकटी बहीण मार्च २०२४ मध्ये शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत कोकणातील एका डोंगरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षण सेवक म्हणून रुजू झाली. डी.एड., मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग पसंतीक्रम भरून महिनोन्‌महिने याद्यांची वाट पाहणे, हे सगळे पार करून तिच्या हाती महिना १६,००० रुपये मानधन पडते. त्यातून खोलीभाडे ३,५०० रुपये जाते. वस्तीपर्यंत एसटी जात नसल्यामुळे हप्त्यावर घेतलेल्या स्कूटीचे ३,२०० रुपये जातात, पेट्रोल वेगळेच. घरी पैसे पाठवणे दूर राहिले, दिवाळीत तिच्या येण्या-जाण्याचा खर्च वडिलांनी केला.

नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे वेतनाऐवजी मानधनावर ठेवण्याची ही शिक्षण सेवक योजना राज्यात सन २००० पासून चालू आहे. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन दहा वर्षांहून अधिक काळ ६,००० रुपयांवर अडकले होते. ते १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० ठरले. वाढ झाली हे मी नाकारत नाही. परंतु जुलै २०२३ मध्ये रिक्त जागांवर सेवानिवृत्त शिक्षकांना कंत्राटी तत्त्वावर घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा त्यांचे मानधन २०,००० रुपये ठरले, म्हणजे निवृत्तिवेतन चालू असलेल्या गुरुजींना त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर उभे राहण्यासाठी नव्या शिक्षकापेक्षा चार हजार अधिक मिळू लागले. जिल्हा परिषदेतील परिचराचे, म्हणजे शिपायाचे, मूळ वेतन १५,००० असले, तरी महागाई भत्ता धरता तोही तिच्या पुढे आहे. नव्या शिक्षकाला पहिल्या दिवसापासून नियमित वेतनश्रेणी द्यावी, असे माझे मत आहे.

गणितमास्तर:
ताई, मी केंद्रप्रमुख, म्हणजे काही शाळांवर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो आहे आणि आपल्या भगिनींच्या अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत, तरीही आपल्या मागणीशी सहमत होता येत नाही. चित्राचा एकच अर्धा भाग आपण मांडला. तीन वर्षे संपली की हीच शिक्षिका २९,२०० रुपयांच्या मूळ वेतनावर येते आणि महागाई भत्ता मिळवला की आकडा पंचेचाळीस हजारांच्या घरात जातो. एका दिवसात पगार जवळपास तिप्पट होणारी दुसरी नोकरी मला तरी ठाऊक नाही. शिवाय हा नियम शिक्षकांपुरता नाही, कृषिसेवक आणि ग्रामसेवकही आधी मानधनावरच राबतात. राज्याच्या तिजोरीतून वेतन आणि निवृत्तिवेतनावर किती जाते हे पाहिले, तर हजारो पदे एकदम पूर्ण वेतनावर भरायची म्हटल्यावर भरतीच लांबणीवर पडेल. २०१२ नंतर भरती बंद होती, तेव्हा डी.एड. झालेल्या मुलांची जी परवड झाली, ती पुन्हा नको.

राहिला प्रश्न निवृत्तांच्या २०,००० चा. ती तात्पुरती सोय होती, तिला दाखला करू नये.

अबोली:
गुरुजी, ग्रामसेवकाचे उदाहरण दिलेत म्हणून त्याच गावचा तलाठी घ्या. तोही स्पर्धा परीक्षा देऊनच येतो, त्याचीही परिवीक्षा असते, पण २५,५०० रुपयांचे मूळ वेतन आणि भत्ते त्याला रुजू झाल्या दिवसापासून मिळतात. परिवीक्षा म्हणजे काम पाहून कायम करणे, पोट आवळायला लावणे नव्हे. खासगी शाळांच्या १९७७ च्या कायद्यातही परिवीक्षा मुळात दोन वर्षांची होती आणि ती वेतनावरच होती. 'सेवक' हा शब्द आणून वर्ष एक वाढवले आणि पगार काढून घेतला. तिजोरीचे कारण खरे असेल, तर तिला काटकसर म्हणावे, परिवीक्षेचे नाव देऊ नये.

चुलीपाशी:
एक बारीक गोष्ट. महिलांना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, पण आमच्या चिरंजीवांच्या सोळा हजारांतून दरमहा दोनशे रुपये त्या करापोटी कापले जातात. मानधन म्हणायचे आणि कर पगारावरचा घ्यायचा, याची गंमत वाटते.

रात्रपाळी:
आपण सर्वांनी क्षमा करावी, पण १६,००० हा आकडा वाचून मला हेवा वाटला. मी नऊ वर्षांपासून एका विनाअनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. सहीच्या रजिस्टरवर एक रक्कम असते आणि हातात ७,००० रुपये येतात. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' शब्द २००९ मध्ये निघाला आणि अनुदानाची वाट मोकळी झाली, त्यानंतर वीस टक्के, चाळीस टक्के असे अनुदानाचे टप्पे पडत गेले, आझाद मैदानावर आमची किती आंदोलने झाली त्याचा हिशेब नाही, आणि आमची शाळा अजून पहिल्या टप्प्याच्या दारातच उभी आहे. संध्याकाळी मी एका वाण्याच्या दुकानात हिशेबाच्या वह्या लिहितो. तिथे मालाला आलेले विद्यार्थी 'सर' म्हणतात, तेव्हा मान खाली जाते. सरकारपाशी पैसा थोडा असेल, तर तो आधी अनुदानाच्या टप्प्यांवर खर्च व्हावा. शिक्षण सेवकाला तीन वर्षांनंतरची तारीख तरी ठाऊक असते.

गणितमास्तर:
सर, आपले म्हणणे मला अधिक पटते. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांत बी.एड. झालेल्या मुली आठ हजारांवर दिवसभर उभ्या असतात, त्यांच्या बाजूने कोणी बोलत नाही.

अबोली:
सर, आपल्या हातात सात हजार पडतात म्हणून सोळा हजार पुरेसे ठरतात, हे मान्य करणे मला जड जाते. संस्थाचालक नेमका हाच युक्तिवाद करतात: सरकारच स्वतःच्या शिक्षकाला मानधनावर ठेवते, मग आम्ही पूर्ण वेतन का द्यावे? वरची पायरी खाली असली की खालची जमिनीत जाते. आपली मागणी आणि माझी मागणी एकमेकींच्या आड येत नाहीत, त्या एकाच अर्जावर लिहिता येतील.

रात्रपाळी:
अर्ज एक असेल ताई, पण रकाना एकच भरला जाईल. आजवर तसेच झाले आहे.

गणितमास्तर:
मी एक पाऊल मागे येतो. तीन वर्षांची मुदत एका वर्षावर आणण्यास माझी हरकत नाही. एका शैक्षणिक वर्षात शिक्षक वर्गावर कसा उभा राहतो ते कळते. मी स्वतः भेटी देऊन अहवाल लिहिले आहेत आणि दिवाळीच्या आतच माझे मत बनलेले असे. पूर्ण वेतन मात्र पहिल्या दिवसापासून नको.

अबोली:
दिवाळीच्या आतच मत बनत असेल, गुरुजी, तर पुढच्या अडीच वर्षांच्या मानधनाचे कारण काय होते, तेवढे सवडीने लिहावे.